वरच्या पोटातील दुखणे आणि पित्ताशयातील खडा: दोहोंचा संबंध आहे हे कसे ठरवावे?

कृष्णाकाठ

नमस्कार. माझे वय ४३ असून मी मिरजेजवळच्या एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यापासून माझ्या पोटाच्या वरच्या भागात, उजव्या बरगडीच्या कडेखाली आणि मध्यरेषेपासून साधारण चार बोटे उजवीकडे, सतत दुखते. दिवसभर एक मंद जळजळ असते आणि अधूनमधून सुई टोचल्यासारखी कळ येते. रोजच दुखते, अगदी मोकळा असा दिवस आठवत नाही. वजन घटलेले नाही, उलटी होत नाही, भूकही बरी आहे. पोटभर जेवल्यावर दुखणे थोडे वाढते, परंतु तेलकट खाल्ले काय आणि मुगाची खिचडी खाल्ली काय, फारसा फरक पडत नाही.

सुरुवातीला आमच्या डॉक्टरांनी आम्लपित्त समजून पँटोप्राझोल दिले. त्याचा उपयोग न झाल्याने पुढे रक्ततपासणी, यकृताच्या चाचण्या, स्वादुपिंडासाठीची लायपेज चाचणी, एंडोस्कोपी आणि सोनोग्राफी असे सर्व करून झाले. एंडोस्कोपीत जठराला किंचित सूज असल्याचे लिहून आले, बाकी काही नाही. सोनोग्राफीही निर्दोष होती. त्यानंतरचे काही महिने फार विचित्र गेले. अहवाल चांगले आले की लोक अभिनंदन करतात, आणि दुखणे तर जागच्या जागी असते. शिक्षकांच्या खोलीत प्रत्येकाकडे एक उपाय तयार होता: कोणी ओवा सुचवला, कोणी कोरफडीचा रस. आईच्या मते हे घराण्यातच असलेले पित्त आहे. मेहुण्यांनी आणून दिलेल्या एका भस्माच्या पुड्याही मी काही काळ घेतल्या.

अलीकडे दुसऱ्या ठिकाणी पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा पित्ताशयात ४ मिलिमीटरचा एक खडा दिसला. खरे सांगायचे तर त्या दिवशी घरात जवळजवळ आनंद झाला, कारण दुखण्याला अखेर एक नाव मिळाले होते. शल्यचिकित्सकांनी दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढून टाकण्याचा सल्ला दिला असून दुसऱ्या दिवशी घरी जाता येईल असे सांगितले आहे. दिवाळीच्या सुट्टीत शस्त्रक्रिया उरकावी असा घरच्यांचा आग्रह आहे. मात्र या शस्त्रक्रियेने दुखणे नक्की थांबेल का, असे विचारल्यावर ‘बहुधा थांबेल’ एवढेच उत्तर मिळाले. त्या ‘बहुधा’वर मी अडखळलो आहे. खडा आहे हे मान्य, पण दुखणे त्याचेच आहे हे कशावरून ठरते? शस्त्रक्रियेपूर्वी मी डॉक्टरांना नेमके काय विचारावे?

सह्यगिरी

माझा अनुभव सांगतो. तो तुम्हाला लागू पडेलच असे नाही. मलाही छातीच्या हाडाखाली रोज दुखत असे, सोनोग्राफीत खडे निघाले आणि पित्ताशय काढले. शस्त्रक्रिया उत्तम झाली, टाके लवकर भरले, त्याविषयी तक्रार करण्यासारखे काहीही नाही. पहिले दोन-तीन आठवडे दुखणे नाहीसे झाल्यासारखे वाटले आणि नंतर ते अगदी जुन्याच जागी, जुन्याच वेळेला परत आले. शिवाय तेलकट खाल्ले की शौचाला घाईने जावे लागते, हा एक नवा भाग जोडला गेला. तो आता बराच कमी झाला आहे.

पुढे एका पोटविकारतज्ज्ञांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि माझे दुखणे जठराच्या संवेदनशीलतेचे, म्हणजे फंक्शनल डिस्पेप्सियाचे, असल्याचे सांगितले. रात्री झोपताना अमिट्रिप्टिलीनची अगदी कमी मात्रा सुरू केली. हे औषध नैराश्यासाठी वापरतात हे पाकिटावरून कळल्यावर मला राग आला होता, पण कमी मात्रेत ते वेदनेच्या नसांवर काम करते असे त्यांनी समजावले. दुखणे पूर्ण गेलेले नाही, तरी आता ते दिवसाचा ताबा घेत नाही. तुमच्या बाबतीत मी शस्त्रक्रिया करू नका असे मुळीच म्हणणार नाही. सुट्टी आहे म्हणून मात्र करू नका.

औदुंबर

मी निवृत्त फिजिशियन आहे. येथे बसून निदान करता येत नाही आणि करूही नये, परंतु आपण विचारलेला प्रश्न इतका नेमका आहे की त्याचे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

पित्ताशयात खडे असणाऱ्या बहुसंख्य माणसांना त्यांचा जन्मभर काहीच त्रास होत नाही. म्हणून पोट दुखणाऱ्या माणसाच्या सोनोग्राफीत खडा दिसला, तर दोन शक्यता असतात: खडा दुखण्याचे कारण आहे, किंवा दुखणे वेगळ्याच कारणाचे असून खडा योगायोगाने सापडला आहे. यांतली कोणती खरी, हे सोनोग्राफीचे यंत्र सांगू शकत नाही. ते दुखण्याच्या वागण्यावरून ओळखावे लागते.

पित्ताशयाची कळ ही झटक्याने येणारी गोष्ट आहे. ती चढत जाते, एका पातळीवर स्थिर राहते, अर्ध्या तासाहून अधिक, पुष्कळदा काही तास टिकते, माणसाला हातातले काम टाकायला लावते आणि मग उतरते. बरेचदा ती पाठीत किंवा उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. कूस बदलल्याने, ढेकर आल्याने, शौचास झाल्याने किंवा अँटासिड घेतल्याने ती कमी होत नाही. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे दोन झटक्यांच्या मधल्या दिवसांत, आठवड्यांत किंवा महिन्यांत माणूस अगदी ठणठणीत असतो. आपण वर्णन केलेले रोजचे, दिवसभराचे, मंद दुखणे या चित्रात बसत नाही. तेवढ्यावरून खडा निर्दोष ठरत नाही, पण आपण ज्या शब्दावर अडखळलात तो शब्द शल्यचिकित्सकांनी प्रामाणिकपणे वापरला होता असे मला वाटते.

याविषयी नेदरलँड्समध्ये मोठा अभ्यास झाला असून तो २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तेथील २४ रुग्णालयांतील, खडे आणि पोटदुखी दोन्ही असलेल्या हजाराहून अधिक रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटात नेहमीच्या पद्धतीने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला गेला आणि दुसऱ्या गटात ठरावीक लक्षणे जुळली तरच शस्त्रक्रिया सुचवली गेली. निवड करून शस्त्रक्रिया केल्याने शस्त्रक्रियांची संख्या काहीशी कमी झाली, परंतु वर्षभरानंतर पहिल्या गटातील ६० टक्के आणि दुसऱ्या गटातील ५६ टक्के रुग्णच वेदनामुक्त होते. म्हणजे दोन्ही गटांत दहांपैकी चार जणांच्या आसपास माणसे दुखणे घेऊनच राहिली. सह्यगिरी यांचा अनुभव म्हणूनच अपवादात्मक नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लहान खडा निरुपद्रवी असतो असा समज आहे, तो खरा नाही. लहान खडाच पित्तनलिकेत घसरून अडकू शकतो आणि त्यातून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. त्यामुळे वर सांगितल्यासारखे झटके येत असतील, तर शस्त्रक्रिया लांबवण्यात शहाणपण नाही. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद आणि शौच पांढुरके होणे, किंवा पाठीत जाणारी तीव्र कळ आणि उलट्या, यांपैकी काहीही झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयात जावे. काळे शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडथळा, कारणाशिवाय घटणारे वजन आणि रक्तक्षय यांनाही हेच लागू आहे. चालताना किंवा जिना चढताना वरच्या पोटात दुखून घाम येत असेल, तर आधी ईसीजी काढावा. हृदयविकाराचे दुखणे पित्ताच्या नावाखाली घरी बसवून ठेवल्याची उदाहरणे मी माझ्या कारकिर्दीत पाहिली आहेत.

आता मला आपल्याकडून काही गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. एंडोस्कोपीच्या वेळी पँटोप्राझोल चालू होते का, आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली का? ही औषधे चालू असताना व्रण भरून आलेला असू शकतो आणि जंतूची तपासणी खोटी निर्दोष येऊ शकते. म्हणून तपासणीपूर्वी ती दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद ठेवण्याची पद्धत आहे. वेदनाशामक गोळ्या किती घेता? दुखण्यामुळे रात्री झोपेतून जाग येते का? बसणे, वाकणे, वळणे, चालणे यांचा दुखण्यावर काय परिणाम होतो? आणि शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तो मी प्रत्येक रुग्णाला विचारत असे: कुठे दुखते ते दाखवा म्हटल्यावर आपण पोटावर तळहात फिरवता की एक बोट ठेवता?

रुईफूल

डॉक्टरांनी विचारले नाही म्हणून एक गोष्ट मी विचारते. त्या पुड्या कोणाकडून आणल्या होत्या? आमच्या सासूबाईंना गुडघ्यांसाठी एका अनोळखी माणसाने दिलेल्या औषधाने पोटात असह्य कळा येऊ लागल्या, जोडीला बद्धकोष्ठ आणि रक्तक्षय. पोटाच्या सर्व तपासण्या निर्दोष आल्या. अखेर एका तरुण डॉक्टरांनी रक्तातील शिशाचे प्रमाण तपासले, ते खूप वाढलेले निघाले.

मी आयुर्वेदाच्या विरोधात लिहीत नाही. आमच्याकडे नोंदणीकृत वैद्यांचे औषध आजही चालू आहे. परंतु बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या, दक्षिण आशियात तयार झालेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचा अभ्यास २००४ मध्येच प्रसिद्ध झाला आहे. लेबल नसलेली पुडी पोटात गेली असेल, तर एक रक्ततपासणी करून शंका मिटवावी.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. औदुंबर यांच्या प्रश्नांची उत्तरे क्रमाने देतो. एंडोस्कोपीच्या दिवशी सकाळची गोळी घेतली नव्हती, पण त्याआधी ती रोज चालू होती. जंतूच्या तपासणीचा अहवालात उल्लेख नाही. वेदनाशामक गोळी क्वचितच घेतो, कारण तिने फरक पडत नाही. जिना चढताना त्रास होत नाही आणि नुकताच काढलेला ईसीजी निर्दोष आहे.

बसण्या-उठण्याविषयी आजवर कोणी विचारले नव्हते, म्हणून गेले काही दिवस लक्ष ठेवले. फळ्यासमोर उभा राहून शिकवताना दुखणे जवळजवळ विसरायला होते. उत्तरपत्रिका तपासायला मांडी घालून वाकून बसलो की अर्ध्या तासात ते चांगलेच वाढते. स्कूटरवरून जाताना खड्ड्यात गचका बसला की तेथेच कळ उठते. रात्री उजव्या कुशीवर वळताना जाग येते आणि पाठीवर सरळ झोपल्यावर बरे वाटते. पट्टा घट्ट असेल त्या दिवशी त्रास अधिक असतो. दुखण्याचे ठिकाण मी बोटानेच दाखवतो. ती जागा रुपयाच्या नाण्याएवढी असेल. तेथे बनियन घासले तरी नकोसे वाटते, हे लिहिताना प्रथमच लक्षात आले.

रुईफूलताई, पुड्यांवर कोणाचेही नाव नव्हते. शिशाची तपासणी करून घेतो.

आइंडहोवनकर

आपले हे उत्तर वाचून राहवले नाही, म्हणून लिहीत आहे. मी मूळचा नाशिकचा, सध्या नोकरीनिमित्त नेदरलँड्समध्ये आहे. बनियन घासणे, गचका बसणे, कूस बदलताना जाग येणे आणि नाण्याएवढी जागा हे सर्व मी शब्दशः अनुभवले आहे. माझी जागा डावीकडे, बेंबीच्या थोडी वर होती. येथील कुटुंबवैद्य कोणत्याही तक्रारीवर पॅरासिटामॉल देऊन दोन आठवड्यांनी यायला सांगतात असा आम्हा भारतीयांचा लाडका विनोद आहे, आणि माझी सुरुवातही तशीच झाली. मात्र पुढच्या भेटीत त्याच डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात जी तपासणी केली, ती सुट्टीत भारतात येऊन केलेल्या सगळ्या स्कॅनमध्ये झाली नव्हती.

त्यांनी मला पाठीवर झोपवले, दुखऱ्या जागेवर बोटाने दाब दिला आणि तो दाब तसाच ठेवून डोके व खांदे उचलायला सांगितले. तसे केल्यावर पोटाचे स्नायू ताठ होतात आणि आतल्या अवयवांवर ढालीसारखे पसरतात. दुखणे आतल्या अवयवाचे असेल, तर दाब आतपर्यंत पोहोचत नाही आणि वेदना कमी होते. दुखणे पोटाच्या भिंतीतलेच असेल, तर वेदना तेवढीच राहते किंवा वाढते. माझी इतकी वाढली की मी ओरडलो. कार्नेट या अमेरिकन शल्यचिकित्सकाने १९२६ मध्ये ही खूण मांडली, म्हणून तिला कार्नेटची खूण म्हणतात.

माझे निदान पोटाच्या भिंतीतील त्वचेची नस अडकल्याचे झाले. त्याला येथे सगळे डॉक्टर ‘अ‍ॅक्नेस’ म्हणतात. बरगड्यांखालून पुढे येणाऱ्या नसा पोटाच्या मधल्या उभ्या स्नायूतून जवळजवळ काटकोनात वळून त्वचेकडे जातात आणि त्या वळणाच्या जागी दाबल्या जाऊ शकतात. आइंडहोवनजवळच्या फेल्डहोवन येथील माक्सिमा रुग्णालयात या विकारावर बरेच काम झालेले आहे. तेथील डॉक्टरांनी दुखऱ्या बिंदूत स्नायूच्या आवरणाखाली लिग्नोकेनचे, म्हणजे जागा बधिर करणाऱ्या औषधाचे, इंजेक्शन दिले तेव्हा काही मिनिटांत, वर्षभरात पहिल्यांदाच, ती जागा शांत झाली. हे इंजेक्शन उपचारही असते आणि निदानही. त्यांच्याच २०१३ च्या चाचणीत प्रत्येकी २४ रुग्णांच्या दोन गटांपैकी लिग्नोकेन दिलेल्यांतील १३ जणांची आणि नुसते मिठाचे पाणी दिलेल्यांतील ४ जणांची वेदना लक्षणीय कमी झाली होती. माझा परिणाम कायमचा टिकला नाही. इंजेक्शन पुन्हा घ्यावे लागले आणि आता लांबच्या प्रवासानंतर किंचित जाणवते, इतकेच. काहींना पुढे ती नस कापण्याची छोटी शस्त्रक्रिया करावी लागते.

तुम्हाला हेच आहे असे मी म्हणत नाही. दिवाळीपूर्वी कोणाकडून तरी ही तपासणी करून घ्या, एवढेच सुचवतो.

औदुंबर

मीही त्याच दिशेने विचार करत होते, म्हणूनच बोट की तळहात हे विचारले होते. आइंडहोवनकर यांच्या लिहिण्याला थोडी पुस्ती जोडते.

ही खूण घरी करून पाहायला हरकत नाही, पण तिचा अर्थ डॉक्टरांनी लावावा. पोटाच्या भिंतीतले दुखणे म्हणजे नस अडकणे एवढेच नव्हे. मध्यरेषेजवळचा छोटा हर्निया, स्नायूत साचलेले रक्त आणि खालच्या बरगडीचे सैल झालेले टोक यांतही ती सकारात्मक येते. हर्निया उताण्या स्थितीतल्या सोनोग्राफीत सहज निसटतो, कारण तेव्हा तपासणाऱ्याचे लक्ष यकृत आणि पित्ताशय यांच्याकडे असते. भिंतीचीच सोनोग्राफी, उभे राहून आणि खोकून, करावी असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे. त्या पट्ट्यात पूर्वी नागीण उठली होती का, आणि मधुमेह आहे का, हेही डॉक्टरांना सांगावे. दोन्हींत नसांचे दुखणे असे एका पट्ट्यात राहू शकते. त्वचेची चिमटी दोन्ही बाजूंना घेऊन संवेदनेतला फरक पाहणे ही आणखी एक साधी तपासणी आहे.

शल्यचिकित्सकांना विचारण्याचा प्रश्न मी असा मांडीन: ‘माझे दुखणे रोजचे आहे, शरीराच्या स्थितीप्रमाणे बदलते आणि एका बिंदूवर आहे, ते पित्ताशयाचे आहे असे आपल्याला कोणत्या लक्षणांवरून वाटते, आणि शस्त्रक्रियेआधी त्या बिंदूत भूल देऊन पाहता येईल का?’ चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही. इंजेक्शनने वेदना गेली तरी खडा जागेवरच राहील, त्याच्यावर लक्ष ठेवावे लागेल. आणि वेदना गेली नाही, तर जंतूची तपासणी आणि फंक्शनल डिस्पेप्सियाचा विचार हा रस्ता मोकळाच आहे.

कृष्णाकाठ

थोडा उशीर झाला, क्षमस्व. शिशाचे प्रमाण मर्यादेत आहे. हेलिकोबॅक्टरसाठी शौचाची तपासणी पँटोप्राझोल बंद ठेवून केली, तीही निर्दोष आली.

शल्यचिकित्सकांना औदुंबर यांनी सुचवलेला प्रश्न जवळपास त्याच शब्दांत विचारला. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, टेबलावर झोपायला सांगितले आणि डोके उचलायला लावून ती जागा दाबली. वेदना स्पष्टपणे वाढली. उजव्या बाजूच्या त्वचेची चिमटी डावीपेक्षा कितीतरी अधिक झोंबली. उभ्याने केलेल्या सोनोग्राफीत हर्निया दिसला नाही. पित्ताशयाची शस्त्रक्रिया तूर्त पुढे ढकलावी, असे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि झटका आल्यास लगेच येण्याची ताकीद दिली. घरी आईला हे पटवणे अधिक अवघड गेले. सापडलेला खडा पोटात ठेवून माणूस हिंडतो कसा, हे तिला अजून समजलेले नाही.

इंजेक्शन ते स्वतः देत नाहीत. सोनोग्राफीच्या साहाय्याने पोटाच्या भिंतीत असे इंजेक्शन देणारे वेदनाविकारतज्ज्ञ सांगली, मिरज किंवा कोल्हापूर भागात कोणाला माहीत आहेत का? पुण्यापर्यंत यायचीही तयारी आहे, मात्र शाळेच्या सहामाही परीक्षा संपल्यावर.